घर वाचलं, पण नळाचं काय? वणव्यानंतर पॅराडाइज गाव कसं परतलं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जानेवारी २०२५ च्या ईटन वणव्यात लॉस एंजेलिसजवळच्या आल्टाडिनात नऊ हजारांवर इमारती जळाल्या, तुमच्या लेकीचं घर मात्र उभं राहिलं. आता पाणी कंपनीची सूचना आली आहे की नळाचं पाणी वापरू नका, उकळूनसुद्धा नको. तुम्ही नाशिकहून रोज फोनवर सांगता, "उकळून गाळून घे गं," आणि ती म्हणते, "आई, उकळायचंच नाही असं लिहिलंय." तुम्हाला तीन गोष्टी कळायला हव्या आहेत: उकळून का चालत नाही, अशी जळलेली गावं पुन्हा उभी राहतात का, आणि लेकीजावयाने तिथे परत जावं की घर विकून मोकळं व्हावं.

पहिलं उत्तर आधी देतो, कारण ते आज रात्रीच लागणार आहे. लेकीचं ऐका. उकळू नका.

मी पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्याचं काम करतोय. सुरुवात सांगली जिल्ह्यातल्या ग्रामीण योजनांवर झाली, टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची भुकटी, किती टाकायची हे शिकत. पुढची वीसेक वर्षं उत्तर कॅलिफोर्नियात गेली. त्यामुळे तुमच्या मनात उकळण्याचा विचार कुठून येतो ते मला नीट ठाऊक आहे. पाणी गढूळ असलं की तुरटी फिरवायची, शंका आली की उकळायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. पण ते जंतूंसाठी. वणव्यानंतर नळाच्या पाण्यात उतरतं ते जिवंत नसतं. त्यात सगळ्यात घातक बेंझिन. पेट्रोलमध्ये असतं तेच, रक्ताचा कर्करोग करणारं. ते ८० अंशांनाच उकळतं, म्हणजे पाण्याच्या आधी. पातेलं गॅसवर चढवलं की ते पाण्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत येतं आणि पातेल्यापाशी जो उभा असेल त्याच्या फुप्फुसात जातं. बंद न्हाणीघरात गरम पाण्याने अंघोळ केली तरी तेच होतं.

जावयांच्या मनात आरओ किंवा कोळशाचा फिल्टर बसवायचं आलं असेल, तर सध्या त्यावरही विसंबू नये. कोळसा बेंझिन धरून ठेवतो हे खरं, पण घरगुती फिल्टरची परीक्षा पाण्यात अगदी थोडं बेंझिन घालून घेतलेली असते. वणव्यानंतर कुठल्या दिवशी किती येईल याचा नेम नसतो. कोळशाची ताकद कधी संपली हे चवीवरून कळत नाही आणि नाकालाही कळत नाही. वास येण्याइतकं बेंझिन पाण्यात असेल, तर ते सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी पट झालेलं असतं. सूचना आहे तोवर बाटलीचं किंवा टँकरचं पाणी. दुसरा रस्ता नाही.

आता हे पाण्यात येतं कुठून? नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला हे अमेरिकेतल्या माणसापेक्षा लवकर समजेल. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं. ते गेल्यावर नळ उघडला की फुरफुरतो, हवा आत ओढतो. वाहिनीतला दाब गेला की ती बाहेरचं आत खेचते. शेजारून गटार जात असेल आणि वाहिनीला कुठे फट असेल, तर गटाराचं पाणी आत जातं आणि गल्लीत काविळीची साथ येते. वणव्यात नेमकं हेच होतं, फक्त गटाराच्या जागी जळणारं घर असतं. शेकडो घरं एकाच वेळी जळतात, प्रत्येक घराचा नळ वितळून उघडा पडतो, पाणी धो धो वाहून जातं, त्यातच अग्निशमन दल हायड्रंटमधून उपसत असतं. दाब शून्यावर येतो. मग त्या उघड्या तोंडातून वाहिनी धूर आणि वितळलेल्या प्लॅस्टिकची वाफ आत ओढून घेते. शिवाय प्लॅस्टिकचा पाइप स्वतः तापला तरी बेंझिन सोडतो. पर्ड्यू विद्यापीठातल्या अँड्र्यू व्हेल्टन यांच्या चमूने २०२० मध्ये हे प्रयोगशाळेत पाइप तापवून दाखवलं.

आत शिरलेलं बेंझिन पाण्याबरोबर वाहून गेलं असतं तर दोन दिवस नळ सोडून काम भागलं असतं. ते प्लॅस्टिकच्या पाइपात मुरतं. लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरणीला कितीही घासलं तरी वास राहतो ना, तसंच. नळ सोडून ठेवला की पाणी स्वच्छ येतं. तेच पाणी पाइपात दोन-तीन दिवस थांबलं की मुरलेलं पुन्हा पाण्यात उतरतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी याचीच गरज पडणार आहे.

हे सगळं प्रथम कळलं ते सँटा रोझा शहरात, ऑक्टोबर २०१७ च्या टब्स वणव्यानंतर. फाउंटनग्रोव्ह नावाच्या वस्तीत घरं जळून गेली होती, मोजकी उभी होती. त्यातल्या एका घरातून तक्रार आली की पाण्याला वास येतोय. नमुने घेत गेले तेव्हा एका ठिकाणी बेंझिन अब्जात ४०,००० भाग निघालं. कॅलिफोर्नियात पिण्याच्या पाण्याची मर्यादा अब्जात १ भाग आहे, देशाची ५. तोवर आमच्या धंद्यात वणव्यानंतर पाण्यात बेंझिन शोधायचं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आम्ही जंतू तपासायचो, क्लोरीन तपासायचो आणि पाणी सोडायचो. त्याआधीच्या वणव्यांनंतर किती गावांनी काय प्यायलं असेल, हा विचार आजही मला झोपू देत नाही.

मग वर्षभरात पॅराडाइज जळलं.

पॅराडाइज उत्तर कॅलिफोर्नियात ब्यूट काउंटीत, म्हणजे ब्यूट जिल्ह्यात आहे. दोन खोल दऱ्यांच्या मधल्या डोंगरसोंडेवर, देवदार-पाइनच्या रानात वसलेलं सव्वीस हजार वस्तीचं गाव. निवृत्त माणसं बरीच, कारण घरं परवडणारी. ८ नोव्हेंबर २०१८ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास, फेदर नदीच्या दरीत पुल्गा गावाजवळ, पीजी अँड ई या वीज कंपनीच्या उच्चदाब वाहिनीचा जवळजवळ शंभर वर्षं जुना आकडा झिजून तुटला. तारेची ठिणगी गवतावर पडली. पावसाळा सुरू व्हायला उशीर झालेला, रान कोरडं ठाक, आणि दरीतून खाली सुसाट वारा. आठच्या सुमाराला आग गावात होती. गाव सोडायचे रस्ते मोजके. त्यांवर गाड्या अडकल्या. विभागवार बाहेर काढायची योजना गावाकडे होती, तिची तालीमही झाली होती, पण ती एकेक विभाग रिकामा करण्यासाठी होती. सगळं गाव एकाच तासात निघेल हे त्यात नव्हतं. ८५ माणसं गेली, बहुतेक वयस्कर. १८,८०४ इमारती नष्ट झाल्या. गावातल्या दहांपैकी नऊ घरं राहिली नाहीत. कंपनीने जून २०२० मध्ये न्यायालयात सदोष मनुष्यवधाचे ८४ गुन्हे कबूल केले.

छायाचित्रांत सगळ्यांनी पाहिली ती राख. ती राख तुलनेने लवकर गेली. राज्य आणि केंद्राने मिळून दहा हजारांवर प्लॉट साफ केले, छत्तीस लाख टनांहून अधिक मलबा उचलला आणि वर्षभरात ते काम आटोपत आणलं. लोकांना वाटलं, आता बांधायला सुरुवात. पण जमिनीखाली १७२ मैलांच्या मुख्य वाहिन्या आणि सुमारे साडेदहा हजार नळजोडण्या होत्या, आणि त्यांतली कुठली बाधलेली आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. तपासण्यांत बेंझिन अब्जात दोन हजार भागांच्या वर गेलेलं सापडलं.

इथे पॅराडाइजच्या पाणी विभागाने, म्हणजे पॅराडाइज इरिगेशन डिस्ट्रिक्टने, जे केलं ते माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम आहे. त्यांनी सगळी वाहिनी उखडायचा नाद सोडला. मुख्य वाहिन्या तुकड्या-तुकड्याने तपासल्यावर दिसलं की त्यांचा बहुतेक भाग ठीक आहे. घाण साठलीय ती नळजोडणीत, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या त्या बोटभर जाड पाइपात, कारण जळलेल्या घराला चिकटलेला तोच होता. मग जळलेल्या प्लॉटची जोडणी तोडून टाकायची, उभ्या घरांकडे आधी जायचं, जोडणी बदलायची, नमुना घ्यायचा, निर्दोष आला की त्या घरापुरती सूचना उठवायची, असा क्रम लावला. २०२० पासून एकेका भागाची सूचना उठत गेली. आणि हे चाललं होतं तेव्हा पाणीपट्टी भरणारे दहांतले नऊ ग्राहकच गेले होते. राज्याने अनुदान दिलं नसतं तर विभाग बुडाला असता, आणि पाणी देणारं कुणी नसेल तर बांधकामाचे कितीही परवाने देऊन उपयोग नव्हता.

वाचलेल्या घरांतली माणसं त्या काळात कशी राहिली याबद्दल मला थोडं बोलू द्या, कारण तुमची लेक त्यांतलीच आहे. ज्याचं घर जळलं त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. ज्याचं उभं आहे त्याला लोक नशीबवान म्हणतात, आणि तोही बिचारा तक्रार करायला लाजतो. पण त्याच्याकडे विम्याचे पूर्ण पैसे नसतात, घराचे हप्ते चालूच असतात, आजूबाजूला सगळा उजाड माळ, भिंतींत धुराचा वास आणि नळाला विष. पॅराडाइजमध्ये अशा लोकांनी अंगणात मोठमोठ्या प्लॅस्टिकच्या टाक्या बसवल्या आणि टँकरने पाणी भरलं. आपल्या दुष्काळी तालुक्यात उन्हाळ्यात दिसतं तेच दृश्य, फक्त पाइनच्या जळक्या खोडांमध्ये. तुमची लेक फोनवर चिडत असेल, रडत असेल, तर "घर तरी वाचलं ना" असं कृपा करून म्हणू नका. ते तिने शंभर वेळा ऐकलं असेल.

आता दुसरा प्रश्न, गाव उभं राहतं का. राहतं, पण तेच गाव राहत नाही. २०२० च्या जनगणनेत पॅराडाइजची लोकसंख्या ४,७६४ भरली. त्यानंतर ती वाढत गेली आहे आणि २०२४ च्या सुमारास दहा हजारांच्या घरात होती. आग लागली तेव्हाच्या निम्म्याहून कमी. लोक गेले कुठे? पहिल्या काही आठवड्यांतच खालच्या चिको शहराची वस्ती जवळपास वीस हजारांनी वाढली आणि तिथली भाडी चढली. काही राज्य सोडून गेले.

कोण परतू शकलं आणि कोण नाही, यात कष्टाचा किंवा जिद्दीचा भाग लोक समजतात तितका नव्हता. ज्याची जमीन स्वतःची, विमा पुरेसा आणि वय साठीच्या आत, तो परतला. पॅराडाइजमध्ये फिरत्या घरांच्या बऱ्याच वसाहती होत्या. घर आपलं, जागा भाड्याची. तिथली वृद्ध माणसं, भाडेकरू, विमा परवडत नव्हता म्हणून सोडलेले, यांचं परतणं जवळजवळ अशक्यच होतं. शिवाय एक विमा कंपनी, मर्सेड प्रॉपर्टी अँड कॅज्युअल्टी, एवढे दावे एकदम आल्याने दिवाळखोरीतच निघाली आणि राज्याला तिचा कारभार गुंडाळावा लागला. पीजी अँड ईकडून या आणि आधीच्या वणव्यांतल्या पीडितांसाठी १,३५० कोटी डॉलर्सचा निधी ठरला, पण त्यातला निम्मा हिस्सा कंपनीच्या शेअर्सच्या रूपात होता. ज्या कंपनीने घर जाळलं तिच्याच शेअरचा भाव वर जावा म्हणून पीडितांनी वाट बघायची, हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं.

आणखी एक अडचण होती जिच्याकडे बाहेरच्यांचं लक्ष जात नाही. पॅराडाइजला भुयारी गटारच नव्हतं. सव्वीस हजारांचं गाव सेप्टिक टँकवर चाललं होतं. सेप्टिक टँकला मोकळी जमीन लागते, त्यामुळे बाजारपेठेत दाटीवाटीने, भाड्याची, स्वस्त घरं बांधायची म्हटली तर सांडपाणी मुरायला जागा नाही. म्हणजे ज्यांना परत यायचं होतं पण स्वतःचा प्लॉट नव्हता, त्यांच्यासाठी घरं बांधण्याच्या आड गटार आलं. चिकोपर्यंत सांडपाण्याची वाहिनी टाकायचा विचार त्यातूनच पुढे आला.

शाळेचं मात्र वेगळं. पॅराडाइज हायस्कूलची इमारत बरीचशी वाचली होती, पण मुलांना चिकोत एका मॉलमध्ये आणि मग विमानतळाजवळच्या रिकाम्या कार्यालयात शिकवावं लागलं. तरी जून २०१९ मध्ये बारावी संपल्यावर त्यांचा जो पदवी समारंभ असतो, तो हट्टाने जळलेल्या गावातच, शाळेच्या स्वतःच्या मैदानावर घेतला. त्या वेळी गावात प्यायला नळाचं पाणी नव्हतं. मी स्वतः समारंभाला गेलो नाही, पण त्या आठवड्यात काम करताना रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागलेली पाहिली, ती आग लागल्यानंतर गावाच्या दिशेने वर चढणारी पहिली मोठी रांग होती असं मला वाटतं. आमच्यातला एक कामगार खड्ड्यातून वर येऊन नुसता बघत उभा राहिला.

नव्याने बांधलेलं घर वाचेल का, हे तुमच्या लेकीच्या शेजाऱ्यांनाही विचारायचं असेल. कॅलिफोर्नियाने वणव्याच्या पट्ट्यासाठी २००८ मध्ये बांधकामाचे कडक नियम आणले. पॅराडाइजमध्ये त्या नियमांनी बांधलेली सुमारे साडेतीनशे घरं होती. त्यांतली निम्म्याहून थोडी जास्त विनानुकसान राहिली. त्याआधीच्या घरांपैकी फक्त १८ टक्के. घर बहुधा ज्वाळेने पेटत नाही, वाऱ्याबरोबर उडत आलेल्या निखाऱ्याने पेटतं. माळ्याच्या जाळीतून निखारा आत जातो, पन्हाळीतल्या पाल्यावर पडतो, भिंतीला टेकलेल्या झुडपात पडतो. त्यामुळे भिंतीपासून पाच फुटांपर्यंत जळण्याजोगं काही नको, हे सांगायला सोपं आणि करायला फार अवघड. माणसं घर सोडतील पण दाराशेजारचा गुलाब काढणार नाहीत. पॅराडाइजने तो नियम केला आणि २०२३ मध्ये गावभर एकवीस भोंगे बसवले, कारण त्या सकाळी कित्येकांच्या फोनवर इशारा पोहोचलाच नव्हता.

तिसरा प्रश्न, राहावं की विकावं. घराचा निर्णय तुमच्या लेकीचा आणि जावयांचा, पण एक सांगतो. पहिल्या वर्षात विकू नये. जळलेल्या वस्तीत जमीन विकत घेणारे राख थंड व्हायच्या आत येतात आणि दमलेल्या माणसाला कमी भावही सुटका वाटतो. त्यांचं घर उभं आहे, त्यामुळे आधी धुराच्या नुकसानीचा दावा पूर्ण लावून धरावा, दुसरीकडे राहण्याचा खर्च विम्यातून मिळतो तो घ्यावा आणि लहान मूल घरात असेल तर पाण्याचा निकाल हातात येईपर्यंत परत जाऊ नये. गाव पूर्ववत होईल या आशेवर मात्र राहायचं ठरवू नये. पाचएक वर्षं बांधकामाच्या धुळीत राहायची तयारी असेल तर राहावं.

निकालाबद्दल आता नीट लिहितो, कारण इथे मी स्वतः चुकलोय. सँटा रोझानंतर पण पॅराडाइजच्या आधी, दुसऱ्या एका लहान गावी वणव्यानंतर आम्ही बेंझिनसाठी नमुने घेतले तेव्हा नेहमीच्या सवयीने आधी पाच मिनिटं नळ सोडला आणि मग बाटली भरली. जंतूंच्या तपासणीत तसंच करतात. सगळे निकाल स्वच्छ आले. आम्ही मोकळेपणाने लोकांना सांगितलं की पाणी ठीक आहे. आठवड्याभराने कुणीतरी सुचवलं म्हणून त्याच घरांत पाणी न सोडता नमुने घेतले, आणि दोन घरांत बेंझिन मर्यादेबाहेर निघालं. त्या दोन घरांच्या दारात जाऊन पुन्हा सांगायची वेळ माझ्यावर आली.

म्हणून लेकीला सांगा, कंपनीने रस्त्यावरच्या वाहिनीची सूचना उठवली तरी घरातल्या पाइपांची वेगळी तपासणी करून घ्यावी. तीन दिवस, म्हणजे ७२ तास, घरात एकही नळ उघडायचा नाही, फ्लशसुद्धा नाही. मग पहिलंच पाणी घ्यायचं. स्वयंपाकघरातल्या थंड नळाचं एक आणि गरम नळाचं एक, कारण गीझरच्या टाकीत वेगळंच काही साठलेलं असू शकतं. प्रयोगशाळा काचेच्या लहान कुप्या देते. त्या काठोकाठ भरायच्या, झाकण लावल्यावर उलट्या करून बघायच्या, आत बुडबुडा राहिला तर बेंझिन त्या हवेत निघून जातं आणि निकाल खोटा येतो. कुप्या बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायच्या. केवळ बेंझिन नको, उडून जाणाऱ्या सगळ्या सेंद्रिय द्रव्यांची तपासणी मागायची.

अहवाल आला की बेंझिनच्या ओळीत "आढळले नाही" असं लिहिलेलं बघून लगेच नळ उघडू नये. त्याच ओळीत शेजारी एक आकडा असतो, कितीपर्यंतचं बेंझिन त्या यंत्राला दिसू शकतं याचा. तो ०.५ असेल तर अहवाल कामाचा. तो ५ असेल, तर अब्जात ४ भाग बेंझिन असलं तरी कागदावर "आढळले नाही" असंच येणार, आणि कॅलिफोर्नियाची मर्यादा १ आहे. तसं झालं तर दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घ्या.